उजव्या मनगटाचा क्लेम

माझं उजवं मनगट एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी मोडलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पडलो तेव्हा मी घड्याळातच बघत होतो. घड्याळ डाव्या हातात होतं. त्याच्या काचेला ओरखडासुद्धा आला नाही. पुढे घड्याळाच्या दुकानदाराला या गोष्टीचं फार कौतुक वाटलं. मला तेवढं वाटलं नाही.

मी नळजोडणी कार्यालयात छाननी विभागाचा हेडक्लार्क आहे. नळ हवा असलेल्या माणसाचा अर्ज माझ्या टेबलावरून जातो. जातो म्हणजे, बहुधा परत जातो. सव्वीस वर्षांत पहिल्या फटक्यात बिनचूक आलेले अर्ज मी दोनच पाहिले, आणि त्यातला एक मला अजूनही संशयास्पद वाटतो. ऑफिसात मला पाठीमागे 'त्रुटीसाहेब' म्हणतात. मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की कागदपत्रांच्या बाबतीत मी कच्च्या गुरूचा चेला नव्हे, हे आधीच स्पष्ट असलेलं बरं.

आता पडण्याविषयी. आमच्या इमारतीचा जिना रोज साडेनऊच्या सुमारास मावशी पुसतात. गेली अकरा वर्षं त्याच पुसतात. त्या दिवशी त्या पहिल्या मजल्याच्या वळणावर होत्या, मी दुसऱ्या मजल्यावरून निघालो होतो. मला बघून त्यांनी हात वर केला.

"साहेब, थांबा जरा. ओलं आहे. दोन मिनिटांत वाळेल."

माझी बस नऊ पन्नासची. शिवाय, खरं सांगायचं तर, हेडक्लार्क माणसाला कुणी हात वर करून थांबवलं की त्याच्या आत काहीतरी ताठ होतं. मी घड्याळात बघितलं, पाऊल टाकलं आणि म्हणालो, "मावशी, पंधरा वर्षं हा जिना उतरतोय. आता तुम्ही मला जिना उतरायला शिकवता का?"

यातलं 'शिकवता' म्हणेपर्यंत मी उभा होतो. 'का' बसून म्हटला.

मावशी बादली टाकून धावल्या. कोरड्या फडक्याने त्यांनी हात गळ्यात बांधला, तळमजल्यावरून खुर्ची आणली आणि माझ्या बायकोला फोन करवला. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. काचेच्या नळ्या फुटणं हा तिच्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे ती फुटलेल्या वस्तूंकडे शांतपणे बघते. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, दोन ठिकाणी मोडल्याचं सांगितलं आणि सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "पण पडलात कसे?"

"जिना ओला होता," मी म्हणालो.

या विधानात एक अक्षर खोटं नव्हतं. अपुऱ्या माहितीचं म्हणून मी स्वतः ते तत्काळ परत पाठवलं असतं, ही गोष्ट वेगळी.

विम्याची आठवण बायकोला झाली. माझा मेहुणा, म्हणजे तिचा भाऊ, मागे आठ महिने विमा एजंट होता. त्या आठ महिन्यांत नात्यातलं कुणी विम्याशिवाय राहिलं नाही, आणि त्यानंतरची दोन वर्षं कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. माझ्या गळ्यात त्याने अपघात विमा मारला होता. हप्ता दर वर्षी बँकेतून परस्पर जात होता आणि दर वर्षी मी त्यावर चडफडत होतो. आता कपाटातून पॉलिसी काढून बघतो तो काय, उपचारांचा खर्च आणि कामावर जाता येत नाही त्या प्रत्येक आठवड्याची भरपाई, दोन्ही त्यात होतं.

"दादाला फोन लावू? तो सांगेल कसं करायचं ते," बायको म्हणाली.

"काही गरज नाही. फॉर्म भरणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा खेळ."

"सध्या तेवढाच उरलाय," ती म्हणाली.

फॉर्म आठ पानी निघाला. मी सांगत होतो, ती लिहीत होती. पहिल्याच पानावर अपघाताची व्याख्या होती: 'बाह्य, हिंसक आणि दृश्य कारणामुळे झालेली शारीरिक इजा.'

"हिंसक कोण होतं?" बायकोने पेन थांबवून विचारलं.

"जिना."

"जिना जागेवरच होता ना?"

"तू लिही गं."

'अपघात कसा घडला' या प्रश्नाखाली आम्ही 'ओल्या जिन्यावरून पाय घसरून' एवढंच लिहिलं. आटोपशीर, सुवाच्य, निर्दोष. मला त्या ओळीचा अभिमान वाटला.

आमच्या इमारतीत कुणाचं काही दुखलं की सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरचे अनुभवी येतात. यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण प्रत्येक वाक्य ते 'माझ्या अनुभवानुसार' या शब्दांनी सुरू करतात म्हणून सगळे त्यांना अनुभवी म्हणतात. त्यांनी प्लॅस्टरवर टिचकी मारून पाहिली, फॉर्म वाचला आणि मान हलवली.

"माझ्या अनुभवानुसार जिन्याला कंपनी भीक घालत नाही. मोटरसायकल लिहा."

"कुठली मोटरसायकल?"

"कुठलीही. मागून आली, धक्का मारला, पळून गेली. नंबर दिसला नाही. कंपनी कुणाला विचारणार?"

"अहो, पण मी जिन्यावर पडलो."

"तेच तर चुकलं तुमचं," अनुभवी हळहळले. जाताना त्यांनी पाठदुखी आणि चक्कर या दोन गोष्टी मोफत जोडून घ्यायला सांगितल्या. मी दोन्ही नाकारल्या. खोटं लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कमी लिहिणं बसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. यांच्या बगलेत कायम एक फाइल असते. ते पाणी प्यायले, हाताची चौकशी केली, मग खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही जिना लिहिलंत म्हणे. जिना सोसायटीचा. उद्या कंपनी म्हणाली, सोसायटीकडून वसूल करतो, तर? तुम्ही फाटकाबाहेर पडल्याचं लिहा ना. कितीशी पावलं आहेत? तेवीस. मी मोजून आलोय."

"तेवीस पावलं मोडक्या हाताने चालून पुन्हा पडू का आता?"

"तसं नाही हो. कागदावर."

मी त्यांना कागदाचं पावित्र्य या विषयावर अर्धा तास सुनावलं. सेक्रेटरी ऐकून घेऊन निघून गेले. ते गप्प का बसले, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दोन दिवसांनी मी विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मॅडम अतिशय सौजन्याने बोलल्या. उद्धट माणसाशी भांडता येतं. सौजन्यापुढे हात टेकावे लागतात, आणि माझा तर एकच हात टेकण्याच्या स्थितीत होता. त्यांनी आठही पानं वाचली, शेवटच्या पानावर थांबल्या.

"सर, पॉलिसीवरची सही आणि ही सही जुळत नाही."

जुळणार कशी? मी डाव्या हाताने सही केली होती. ती शाईत पाय बुडलेली मुंगी पळत गेल्यासारखी दिसत होती. मी प्लॅस्टर वर केलं.

"मला दिसतंय सर. पण मला दिसतंय ते फाइलला दिसत नाही ना. प्लॅस्टर निघालं की सही करून द्या."

"म्हणजे सहा आठवड्यांनी?"

"हो सर. पण फॉर्म मात्र अपघातापासून तीस दिवसांच्या आत यायला हवा."

"मग?"

त्यांनी अगदी मायेने शाईचा डबा पुढे सरकवला. "मग अंगठा, सर."

सव्वीस वर्षं मी लोकांच्या सह्यांमधल्या वेलांट्या तपासल्या होत्या. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अंगठा उठवला नव्हता. रांगेतली सगळी माणसं मान वाकवून बघत असताना मी माझा डावा अंगठा जांभळा करून घेतला. त्यावर मॅडमनी सांगितलं, की तो अंगठा माझाच आहे असं बँक मॅनेजर किंवा मुख्याध्यापक यांच्याकडून लिहून आणावं लागेल, आणि फॉर्मवर एक छोटा शिक्का मारून तो मला परत दिला. शिक्क्यात मजकूर होता: 'अर्जदाराने त्रुटींची पूर्तता करून अर्ज पुन्हा सादर करावा.' अक्षर न अक्षर माझा शिक्का. त्याच्या या बाजूला उभं राहिल्यावर तो एवढा मोठा दिसत असेल, अशी मला कल्पना नव्हती.

बँक मॅनेजर मला बारा वर्षं ओळखतात. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "तुम्हाला मी ओळखतो यात शंकाच नाही," ते म्हणाले, "पण ओळखतो असं लिहून द्यायचं तर तसा तुमचा अर्ज लागेल. त्यावर फक्त एक सही करा."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

शेवटी बायकोच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी ते काम केलं. त्यांनी अंगठ्याचा ठसा चष्मा लावून नीट बघितला, "स्वच्छ उमटलाय, शाब्बास," असं म्हणाल्या आणि शिक्का मारला. चोपन्नाव्या वर्षी अंगठ्याबद्दल शाबासकी मिळालेला माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

दुसऱ्या खेपेला मॅडमना नवी त्रुटी सापडली. दवाखान्याच्या दाखल्यावर 'डावे मनगट' लिहिलेलं होतं. मी दवाखान्यात गेलो. नोंदी ठेवणाऱ्या खिडकीत एक गृहस्थ होते. त्यांची माझी नजरानजर होताच मला आरशात बघितल्यासारखं झालं.

"मोडलेला हात कुठला, याचं प्रमाणपत्र आणा. दुरुस्ती करून देतो."

"ते कोण देतं?"

"डॉक्टर."

"अहो, हा दाखला डॉक्टरांनीच दिलाय."

"मग बरोबरच असेल."

मी प्लॅस्टर खिडकीच्या चौकटीवर ठेवलं. "हे बघा. हा उजवा. दिसतोय?"

"हात दिसतोय हो. नोंद दिसत नाही."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, त्या माणसाच्या कामातली सफाई बघून मनातल्या मनात मी त्याला नमस्कार केला. दीड तासाने डॉक्टर भेटले. "तुम्ही समोर बसला होतात ना," ते हसत म्हणाले, "माझ्या बाजूने तो डावाच." आणि त्यांनी 'डावे' खोडून 'उजवे' केलं. खाडाखोडीवर सही करायला मी त्यांना तिथल्या तिथे लावलं. एवढं तरी सव्वीस वर्षांत शिकलो होतो.

अठराव्या दिवशी फॉर्म स्वीकारला गेला. पोचपावती घेऊन मी विजयी वीरासारखा जिना चढत होतो, तेव्हा लक्षात आलं, की जिन्यावर धूळ आहे. नुसती धूळ नाही, कोपऱ्यात बसची तिकिटं, पेन्सिलीचा भुगा आणि कुणाचं तरी बटण.

"मावशी दिसत नाहीत हल्ली," मी घरात शिरताना म्हणालो.

बायकोने माझ्याकडे टक लावून बघितलं. "तुम्हाला माहीत नाही? सेक्रेटरींनी कामावरून बंद केलं त्यांना. आठवडा झाला. म्हणाले, जिना ओला ठेवून माणसं पाडतात, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"मी असं लिहिलेलं नाही!"

"'ओल्या जिन्यावरून पाय घसरून.' माझ्याच अक्षरात आहे."

सेक्रेटरींचं गणित सरळ होतं. कंपनीने जाब विचारला तर 'दोषी व्यक्तीवर कारवाई केली आहे' असं फाइलीतून दाखवता आलं पाहिजे. मी मनाशी म्हटलं, बघू, क्लेमचं मिटलं की सांगू त्यांना. मी हेडक्लार्क, माझा शब्द ते टाळणार नाहीत. इतक्यात घाई करून फाइल बिघडवण्यात अर्थ नव्हता. असे एकूण सात मुद्दे मी दोन दिवसांत तयार केले, आणि ते सगळे इतके पटण्यासारखे होते, की मला धड जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी मावशीच दारात आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. मी मुद्दे जुळवत होतो.

"हात कसा आहे साहेब?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. बसा."

त्या बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. "एक विचारायचं होतं. तुम्हाला माझा आवाज आला नव्हता का त्या दिवशी? मी 'थांबा' म्हटलं होतं. पण मोठ्याने म्हटलं का, तेच आता आठवत नाही. घरी बसून रोज तेच डोक्यात येतं. मोठ्याने ओरडायला हवं होतं मी."

आता बोलायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "खाली गाडीचा हॉर्न वाजत होता, मावशी."

"असंच झालं असणार," त्या म्हणाल्या. "हाताला जपा." आणि धुळीच्या जिन्यावरून सावकाश उतरून गेल्या.

बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. इस्त्री एकाच बाहीवर बराच वेळ फिरत राहिली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे चौकशी अधिकारी आले. बारीक अंगाचा, सर्दी झालेला माणूस. एका खिशात रुमाल, दुसऱ्यात मोजपट्टी. त्यांनी प्रत्येक पायरीची उंची मोजली, शिंकले, लिहून घेतलं. तोवर अर्धी इमारत कठड्याला लागून उभी राहिली होती. अनुभवी पहिल्या पायरीवर होते. बायको शाळेतून नुकतीच आली होती, पिशवी अजून हातातच होती. सेक्रेटरींनी फाइलीतून टाइप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं, की जिना ओला नव्हता, आणि ओला असलाच तर तो सोसायटीच्या पाण्याने ओला नव्हता.

"शिवाय जबाबदार बाईला काढून टाकलेलं आहे," त्यांनी जोडलं.

"जिना ओला नव्हता, तर बाई जबाबदार कशाला?" अधिकाऱ्यांनी रुमालातून विचारलं.

सेक्रेटरींनी कागद परत मागितला.

"माझ्या अनुभवानुसार," अनुभवी पुढे आले, "त्या दिवशी एक मोटरसायकलही..."

"जिन्यावर?"

अनुभवी पुन्हा पहिल्या पायरीवर गेले.

अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही कसे उतरत होतात, जरा दाखवता?"

मी वर गेलो आणि दोन पायऱ्या उतरून दाखवल्या. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण, तसं मोडका हात गळ्यात अडकवून मी पाच बिऱ्हाडांसमोर चालून दाखवत होतो. त्यांनी टिपलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. "पडताना कुणी पाहिलं? कुणी सावध केलं होतं का?"

"कुणी नव्हतं," सेक्रेटरी घाईने म्हणाले.

मी त्या पायरीकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर सगळं कळल्यासारखं काहीतरी होतं. मला एकदम वाटलं, की सव्वीस वर्षांत मी लोकांकडे जी 'संपूर्ण व सत्य माहिती' मागितली, ती देणं इतकं अवघड असतं याची मला कुणी पूर्वसूचनाच दिली नव्हती.

"लिहून घ्या," मी म्हणालो. "मी सांगतो तसंच लिहा. जिना पुसणाऱ्या मावशींनी मला वेळेवर, स्पष्ट शब्दांत आणि हात वर करून थांबायला सांगितलं होतं. ती सूचना मला ऐकू आली. नीट समजली. आणि मी ती अपमान समजून नाकारली. हॉर्न वगैरे काही वाजत नव्हता. ओल्या जिन्यावर कोरड्या माणसाने पाऊल टाकलं, यात जिन्याचा किंवा मावशींचा दोष नाही."

अधिकाऱ्यांनी ते सगळं उतरवून घेतलं. क्लेम बुडाला, याबद्दल मला शंका नव्हती. पण मसुदा उत्तम जमला होता. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

"मग त्या बाई प्रत्यक्षदर्शी साक्षीदार झाल्या," अधिकारी म्हणाले. "त्यांचा जबाब लागेल. त्याशिवाय फाइल पुढे जात नाही. पुढच्या मंगळवारी घेतो." आणि शिंकत निघून गेले.

घरात आल्यावर बायकोने माझ्या शर्टाची बटणं काढायला घेतली; गेले चार आठवडे ते काम तिच्याकडेच होतं. तीन बटणं काढून झाल्यावर ती थांबली.

"चप्पल काढू नका," मग ती म्हणाली, आणि तीच तिन्ही बटणं पुन्हा लावली. "आत्ता जायचं मावशींकडे. मीही येते."

मावशी दोन रस्ते सोडून, एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत राहतात. त्या घरी होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आवाज आला होता, हॉर्न नव्हता, चूक माझी. वाटेत मी माफीचा मसुदा केला होता, पण ऐनवेळी त्यातलं 'माफ करा' एवढंच बाहेर आलं.

मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. "म्हणजे मी मोठ्यानेच म्हटलं होतं तर."

"मोठ्याने."

"बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं चालत नाही." मग त्या सरळ बसल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं होतं. "जबाब देईन. पण मंगळवारी बारानंतर. सकाळी दाताच्या दवाखान्यात काम लागलंय मला. त्यांना खाडा चालत नाही."

मंगळवारी सव्वाबाराला त्या आल्या आणि जबाब दिला. असा जबाब मी कुठल्याही फाइलीत वाचलेला नाही. पायरी वरून सहावी. माझा उजवा पाय आधी. बादली डावीकडे. आणि मग त्यांनी माझं ते वाक्य जसंच्या तसं, माझ्याच सुरात म्हणून दाखवलं. "आता तुम्ही मला जिना उतरायला शिकवता का?" पाच बिऱ्हाडं खळखळून हसली. बायको सगळ्यांत जास्त. अधिकाऱ्यांना हसता हसता शिंक आली.

"फाइल बंदच समजायची ना?" अधिकारी निघताना मी त्यांना विचारलं.

"का?"

"मी ऐकलं नाही, म्हणून."

"साहेब, पॉलिसीत दारू आहे, मारामारी आहे, मुद्दाम करून घेतलेली इजा आहे. न ऐकणं कुठेच नाही. ते वगळलं, तर आम्ही विकायचं कुणाला?"

सेक्रेटरींनी तिथेच मावशींना उद्यापासून या म्हणून सांगितलं, जरा उपकाराच्या सुरात. मावशींनी ऐकून घेतलं. "सकाळी जमणार नाही," त्या म्हणाल्या. "दुपारी दोनला येईन. आणि घरी बसवलेले दिवस पगारात धरायचे." सेक्रेटरींनी फाइल उघडली. मी म्हणालो, "फाइलीत बघू नका, हो म्हणा." त्यांनी हो म्हटलं. अनुभवी म्हणाले, की त्यांच्या अनुभवानुसार हे असंच होणार होतं.

क्लेम नवव्या आठवड्यात मंजूर झाला. तोपर्यंत प्लॅस्टर निघालं होतं. हात जरा वाकडा पण माझाच होता, आणि मी ऑफिसात रुजू झालो होतो. मेहुण्याला मी स्वतः फोन केला आणि त्याचे आभार मानले. तो इतका घाबरला, की त्याने मला पैसे हवे आहेत का, असं विचारलं.

त्याच रविवारी मावशी घरी आल्या. हातात कोरा फॉर्म होता, त्याच कंपनीचा. दाताच्या डॉक्टरांकडून त्यांनी चौकशी करून आणला होता.

"हा अपघाताचा विमा मलाही काढता येतो म्हणे. भरून देता का?"

मी चष्मा लावला. नाव, पत्ता, वय, वारस म्हणून मुलीचं नाव, सगळं उजव्या हाताने, सावकाश लिहिलं. मावशी एकेक ओळ वाचून घेत होत्या. एका ठिकाणी मला त्यांनी मात्रा राहिल्याचं दाखवलं. चौथ्या पानावर प्रश्न होता: 'आपल्या कामात अपघाताचा धोका मुख्यतः कशापासून संभवतो?'

"काय लिहू? ओली फरशी? उंच शिडी?" मी विचारलं.

मावशींनी नीट विचार केला.

"फरशीचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "लिहा, शिकलेल्या माणसांपासून."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी पेन टेकवलं आणि लिहिलं. खाडाखोड न करता, ठळक अक्षरात.